दहा दिवसांचा सारखा पाऊस

पोळा झाला की आमच्याकडचा पाऊस आळसावतो. येतो, पण मन लावून येत नाही. मूग, उडीद काढून खळ्यावर पडलेला असतो आणि तेवढ्यात एखादा ढग बाळापूरच्या बाजूनं येऊन अर्धं गाव भिजवून जातो. उरलेलं अर्धं गाव कोरडंच असतं, आणि संध्याकाळी पारावर दोन्ही अर्धी एकमेकांना खोटं ठरवत बसतात.

पुण्यात भाद्रपद असा कळत नाही. मी जिथं काम करते तिथं तर ऋतूच नाही. काचेच्या दाराआड महासंगणक आहे. माणसाच्या उंचीची काळी कपाटं रांगेनं उभी, खाली पोकळ फरशी आणि फरशीतून येणारं गार वारं. मे महिन्यातही आम्ही स्वेटर घालून आत जातो. एक आवाज अखंड चालू असतो, आणि दुसऱ्या दिवसापासून तो ऐकू येत नाही. मला या जागेची सवय फार लवकर झाली.

यंदा जुनं यंत्र गेलं आणि नवं आलं. नवं आलं की मागचा सगळा पाऊस त्याच्या पोटात पुन्हा घालावा लागतो, देशभरातल्या गावोगावच्या रोजच्या नोंदी. ते काम माझ्याकडे असतं. गेल्या आठवड्यात आमच्या गावची पाळी आली आणि त्या दहा ओळी परत समोर आल्या. मला ते अपेक्षित होतं. मी चहा प्यायला गेले.

आमचं गाव बाळापूर आणि डोंगरकडा यांच्या मधलं. तेव्हा हिंगोली जिल्हा झाला नव्हता, आम्ही परभणीत होतो. अण्णा, म्हणजे माझे वडील, पाटबंधारे खात्यात साधी नोकरी करायचे आणि गावचं सरकारी पर्जन्यमापक त्यांच्याकडे होतं. घराच्या समोर, अंगणापलीकडे, तारेचं कुंपण घातलेल्या चौकोनात ते रोवलेलं होतं. वर नरसाळं, आत बाटली, एवढंच. पावसाळ्यात रोज सकाळी साडेआठला अण्णा धुतलेला सदरा घालून कुंपणाचं फाटक उघडायचे, बाटलीतलं पाणी काचेच्या मोजपात्रात ओतायचे आणि गुडघ्यावर बसून पाण्याच्या रेषेला डोळा लावायचे. उभ्यानं वाचलेला पाऊस त्यांना मान्य नव्हता.

"मधली रेष वाचायची शालू, कडेची न्हाई," ते म्हणायचे. "कडेला पाणी चढून बसतंय. ते खोटं."

मी नववी-दहावीत असेन. मला तो सगळा प्रकार फार कंटाळवाणा वाटायचा. त्यात आज सकाळी मोजलेला पाऊस हा कालचा असतो, हे अण्णा मला आठवड्यातून एकदा तरी सांगायचे. रेडिओवर अंदाज लागायचा, तुरळक ठिकाणी हलक्या ते मध्यम सरी. अण्णा हसून म्हणायचे, "तुरळक म्हंजे आपलं गाव सोडून." पण मोजायला मात्र ते रेडिओनं काहीही सांगितलं तरी जायचेच. कोरड्या दिवशीही बाटली काढून, उलटी करून, बघून शून्य लिहायचे.

एकदा शेजारची शेळी कुंपणात शिरली आणि नरसाळं वाकडं करून बाटली सांडून गेली. रात्री पाऊस चांगला झाला होता. मी म्हटलं, अण्णा, अंदाजानं लिहा ना काहीतरी. ते माझ्याकडे असे बघत राहिले, जसं काही मी त्यांच्या ताटात थुंकले होते. मग त्यांनी त्या दिवसाची ओळ रिकामी ठेवली आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, शेळीने पाडले, नोंद नाही.

"मग शून्य तरी लिहा," मी म्हटलं.

"शून्य काहून लिहू? शून्य म्हंजे पाऊस न्हाई. मोजलं न्हाई म्हंजे आपल्याला ठाव न्हाई. दोन्ही येगळं असतंय, पोरी."

नरसाळं सरळ करायला बाळापूरच्या बाजारातून रहीमचाचा आले. त्यांचं पत्र्याच्या पेट्यांचं दुकान होतं आणि अण्णांशी त्यांची जुनी दोस्ती. त्यांनी कड ठोकून बराबर गोल केली, सुतळीनं चारी बाजूंनी मापून दाखवली. त्या वर्षी खंडेनवमीला आम्ही हत्यारांच्या पूजेत विळा, कुदळ, पावशी यांच्याबरोबर पर्जन्यमापकालाही हळदकुंकू वाहिलं. तशी पूजा आम्ही दरवर्षीच करायचो. झेंडूची माळ नरसाळ्याला घालायची नाही, खालच्या नळकांड्याला घालायची, असा अण्णांचा दंडक होता. फुलाची पाकळी आत पडली तर माप चुकेल.

अण्णा भाद्रपदात गेले. महिनाभर अंथरुणावरच होते, म्हणून रोजची नोंद मी करत होते. त्या सकाळीही मी साडेआठला केली. बाटली कोरडी होती. आत येऊन त्यांना सांगितलं, "शून्य." त्यांनी मान हलवली. दुपारी बाराच्या सुमाराला ते गेले, आणि दिवस मावळायच्या आत त्यांना नेलंसुद्धा. बायका घरी राहिल्या. मी दारात बसले, अंगणाकडे तोंड करून. लोक येत होते, माझ्या डोक्यावर हात ठेवत होते, आणि मला काहीच होत नव्हतं. रडू येत नाही म्हणून मला आधी लाज वाटली आणि नंतर तीही वाटेनाशी झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला मी सवयीनं उठून फाटकापाशी गेले. आत्यानं मागून हाक मारली.

"हात काहून लावून राहिली गं त्याला? सुतक हाय ना आपल्याला. पुजेची वस्तू हाय ती."

कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही, मलाही नाही. देवघर बंद होतं, तुळशीला पाणी बंद होतं, तसं हेही बंद. दहा दिवस पर्जन्यमापक तसंच उभं राहिलं. मधे कधी पाऊस आला, कधी गेला, मला सांगता येणार नाही. मी घरातच होते, पण त्या दिवसांचं मला काही आठवत नाही. फोडणी नसलेली भाजी आणि पाहुण्यांच्या चपला एवढंच आठवतं.

अकराव्या दिवशी घर सारवून झालं आणि आत्या म्हणाली, आता लाव हात. मी बाटली काढली. ती जवळजवळ भरली होती. वीस मिलिमीटरचं मोजपात्र सात वेळा काठोकाठ भरलं आणि वर थोडं उरलं. बेरीज एकशे त्रेचाळीस मिलिमीटर. ओळी दहा. भागाकार करायचीही गरज पडली नाही. मी गुडघ्यावर बसूनच कागदावर दहा वेळा लिहिलं, १४.३. शेऱ्याच्या रकान्यात काही लिहिलं नाही.

का, ते मला तेव्हा माहीत नव्हतं. आता सांगता येतं, पण ते खरं आहे की नंतर जुळवलेलं, कोण जाणे. अण्णांच्या कागदावर दहा रिकाम्या ओळी दिसू नयेत, असं वाटलं असावं. शेऱ्यात लिहायचं तर काय लिहायचं होतं, हेही एक होतंच. कागद टपालात पडला, नक्कल अण्णांच्या ट्रंकेत गेली. पुढच्या वर्षी पर्जन्यमापक शाळेच्या मैदानात गेलं आणि मी नांदेडला कॉलेजात गेले.

मग पुणं. इथलं तेव्हाचं यंत्र एका सेकंदात जे गणित करायचं ते माझ्या गावानं सगळी कामं सोडून पिढ्यान्‌पिढ्या केलं तरी व्हायचं नाही, असं पेंडसे सरांनी मला पहिल्या दिवशी सांगितलं. सर आमच्या गटाचे प्रमुख, बुटके, घाईत बोलणारे, मनानं निर्मळ. यंत्र आभाळाचे चौकोन पाडतं, प्रत्येक चौकोनातलं वारं, ऊन, ओल यांचं गणित मांडतं आणि उद्याचं आभाळ काढून देतं. तेव्हाचे चौकोन मोठे होते. आमचा अख्खा जिल्हा एका चौकोनात जायचा, वर थोडं नांदेडही. त्या सगळ्याला मिळून पाऊस एकच. सेनगाव तालुक्यातल्या पुसेगावला गारा पडोत आणि आमच्याकडे धूळ उडो, चौकोनाला दोन्हीची सरासरी. ते बघून मला पारावरची भांडणं आठवली होती.

गावी गेले की लोक चेष्टा करायचे. "तुमच्या मशीनला इचार ना शालूबाई, आमचा उडीद कवा काढावा?" मी म्हणायची, मशीनला तुमचा उडीद दिसत नाही. "मंग एवढं थंड काहून ठिवलं त्याला?" 

जुन्या नोंदी तपासायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा यंत्रानंच आमचं गाव पकडलं. तपासणीची पहिली चाळण साधी असते. एकच आकडा लागोपाठ आला तर संशय घ्यायचा. पडद्यावर गावाचं नाव आलं आणि खाली दहा वेळा १४.३. सर माझ्या मागं उभे होते.

"दहा दिवस सारखा पाऊस पृथ्वीच्या पाठीवर कुठं पडत नाही," ते म्हणाले. "घरी बसून लिहिलंय कुणीतरी. आणि असा माणूस एकदाच लिहितो होय? बाकीचं सुद्धा असंच असणार. स्टेशनच काढून टाका यादीतून."

स्टेशन काढायचं म्हणजे त्या गावच्या सगळ्या वर्षांच्या नोंदी काढायच्या. शाळेतलं स्टेशन वेगळं धरलेलं, म्हणजे आमच्या अंगणातले एकोणीस पावसाळे. त्यातले अठरा पूर्ण आणि एकोणिसाव्यातला मोठा भाग अण्णांच्या हातचा, गुडघ्यावर बसून वाचलेला, मधली रेष. माझ्यासमोर नुसती एक कळ होती. मी ती दाबली असती तर कुणाला काही कळलं नसतं. नसती दाबली आणि काहीतरी कारण काढून आकडे तसेच ठेवले असते, तरी कुणाला कळलं नसतं. तसं केलं असतं तर माझे दहा खोटे आकडे देशाच्या पावसात कायमचे मिसळून गेले असते. मी कंत्राटावर होते आणि मार्चमध्ये कंत्राट संपत होतं. एवढं सगळं डोक्यात आलं. जेवणाची सुट्टी झाली. मी डबा उघडला, पोळी खाल्ली, डबा धुतला.

मग सरांच्या खोलीत जाऊन सांगितलं. अण्णा, सुतक, आत्या, सात वेळा भरलेलं मोजपात्र. मी बातम्या वाचल्यासारखं सांगत होते, हे मलाही ऐकू येत होतं.

सरांनी फोन जवळ ओढला. मग त्यांनी तळघरातून मूळ कागदाचा गठ्ठा मागवला. माझ्यासमोर कोरा कागद ठेवला आणि म्हणाले, "लिहा. चौदा पूर्णांक तीन." मी लिहिलं. माझ्या चारच्या खालच्या गाठीला एक वेलांटी निघते, ती शाळेपासूनची. कागदावरच्या दहाही चारांना ती होती. सरांनी आधीची पानं उलटली. तिथं अण्णांचं अक्षर होतं, बारीक आणि ताठ, आणि एका ओळीसमोर शेळी होती.

ती शेळी बघून सर हसले. "जो माणूस हे लिहितो तो बाकीचं खोटं लिहिणार नाही," ते म्हणाले. "स्टेशन राहू दे. तुमचे दहा दिवस फक्त काढा."

यंत्राच्या फाईलमध्ये नोंद नसली की उणे नव्याण्णव पूर्णांक नऊ लिहितात. पाऊस कधी उणे पडत नाही, त्यामुळे तो आकडा कुणी खरा धरत नाही. अण्णांना ही युक्ती आवडली असती. मी दहा ओळींत ती भरली. पण यंत्राला भोकं चालत नाहीत, त्याचं गणित अडतं. म्हणून दुसरा एक प्रोग्राम येतो आणि शेजारच्या गावांचा पाऊस बघून रिकाम्या जागा भरतो. त्यानं आमच्या दहाही ओळी भरल्या. पहिली ओळ म्हणजे अण्णांना नेलं त्या दिवसाचा पाऊस, सकाळी साडेआठपासून दुसऱ्या सकाळी साडेआठपर्यंतचा. आसपासची सगळी गावं त्या दिवशी कोरडी होती. यंत्रानं लिहिलं, शून्य.

मी ते मान्य केलं. मला तरी कुठं काय माहीत होतं?

कधीकधी चहाला सर उद्याच्या यंत्रांविषयी बोलत. चौकोन लहान होत जाणार, एक दिवस तुमच्या प्रत्येक गावाला स्वतःचा चौकोन मिळेल. आणि त्यापुढं क्वांटम यंत्रं येतील म्हणे, ज्यांच्या आत एकच खूण शून्यही असेल आणि एकही, कुणी बघेपर्यंत दोन्ही. त्यांच्यापुढं आजचं आपलं यंत्र पाटी-पेन्सिल ठरेल. सगळे माना डोलवायचे. मला आमचं अंगण दिसायचं, कुंपण, फाटक, आणि त्या दुपारी पाऊस आहेही आणि नाहीही. बघायला तिथं मी बसलेली होते. तरी ते ठरत नव्हतं.

तर यंदा नवं यंत्र आलं. त्याचे चौकोन खरंच लहान आहेत. मला वाटलं होतं, हे तरी काही वेगळं सांगेल. दोन दिवस त्यानं सगळा जुना पाऊस चघळला आणि आमच्या गावच्या पहिल्या ओळीत पुन्हा तेच लिहिलं. शून्य. त्याचा तरी काय दोष? शेजारची गावं तीच होती.

पित्रांना गावी गेले. मायनं अण्णांचं पान वाढलं, कावळ्याची वाट बघितली. जेवणं झाल्यावर मी तिला विचारलं, अण्णांना नेलं तेव्हा पाऊस होता का गं? इतक्या वर्षांत हे मी कुणालाच विचारलं नव्हतं. का विचारलं नव्हतं, कुणास ठाऊक.

"मला काय ठाव माय, मी आत पडलेली व्हते," ती म्हणाली. "चाचाला इचार. तेच व्हते समदं बघायला."

दुसऱ्या दिवशी बाळापूरला गेले. रहीमचाचांचं दुकान आता मुलगा बघतो. चाचा दाराशी खुर्ची टाकून बसले होते, दाढी पांढरी झालेली. त्यांनी मला आवाजावरून ओळखलं. चहा सांगितला. मी तोच प्रश्न विचारला.

"पाऊस?" ते म्हणाले. "बेटा, काय पाऊस व्हता! बाळापुरात थेंब न्हाई आणि तुमच्या गावावर आभाळ फुटून राहिलं. तुमच्या मसनवाट्यात तवा शेड कुठं व्हतं? सरन रचलं आणि पानी आलं. मी गाडी घेऊन पळत आलो दुकानात, पेट्यांचे कोरे पत्रे व्हते ते टाकले. चौघं चार कोपऱ्यांना धरून हुबे राहिलो सरनावर. खालून जाळ, वरून पानी. पत्रा तापला. हात भाजले. सोडला न्हाई कोणी."

त्यांनी तळहात पुढं केले. त्यावर आता काही दिसत नव्हतं, किंवा मला दिसलं नाही.

"आणि तू इचारून राहिली?" ते म्हणाले. "आमी पत्रे घेऊन तुझ्याच म्होरून गेलो की. तू दारात बसली व्हती. वळचनीचं पानी धो धो तुझ्या पायावर पडून राहिलं व्हतं, परकर समदा भिजलेला. मी म्हनलो, बेटा, आत हो. तू बघितलंसुद्धा न्हाई."

मी चहा संपवला. चाचांच्या नातीच्या हातात खाऊ दिला. घरी आले.

माजघरात अण्णांची ट्रंक आहे, रहीमचाचांनीच केलेली. तिच्यात नकला वर्षांप्रमाणे बांधून ठेवल्या आहेत. मी तो कागद काढला. माझे दहा आकडे, प्रत्येक चारला वेलांटी, आणि उजवीकडं शेऱ्याचा रकाना पूर्ण रिकामा. यंत्राच्या फाईलमध्ये हा रकानाच नसतो. तिथं सांगायला जागा नाही आणि सांगितलं तरी चालणार नाही, कारण पाऊस होता हे कळलं तरी किती होता हे आता कुणालाच कळणार नाही. पुण्याला गेल्यावर मी ती ओळ न भरता येणाऱ्यांच्या यादीत टाकणार आहे, म्हणजे भरणारा प्रोग्राम तिला हात लावणार नाही आणि यंत्र त्या दिवसापुरतं आमचं गाव वगळेल. उणे नव्याण्णव पूर्णांक नऊ. तेवढं माझ्या हातात आहे.

मी जमिनीवर बसले आणि पहिल्या आकड्यावर रेघ मारली. मग समोरच्या रकान्यात लिहिलं, पाऊस होता, मोजला नाही. अक्षर अण्णांसारखं बारीक आणि ताठ काढायचा प्रयत्न केला, पण ते माझंच आलं. बाहेर ऊन होतं. पेनाचं टोपण लावलं तेव्हा पावलांना गार लागलं, घोट्यापर्यंत, आणि मी परकर सावरायला हात खाली नेला.